देशी चिपवर जावा पळवायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशी चिपच्या बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात, वाचून खरंच बरं वाटतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा वेगा, आयआयटी मद्रासचा शक्ती, दोन्ही प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या सगळ्यांना खुल्या असलेल्या रचनेवरचे. पण चिप आली म्हणजे झालं असं नसतं ना, तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर कुणीतरी बिल्ड करावं लागतं, म्हणजे सोर्स कोडपासून त्या चिपसाठी तयार करावं लागतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

मी एका डिप्लोमा कॉलेजात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. एकदा लिहा कुठंही चालवा, हे पहिल्याच तासाला सांगतो. पण ते कुठंही चालतं कारण त्या त्या प्रोसेसरसाठी व्हर्च्युअल मशीन (जेव्हीएम), म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, कुणीतरी आधी बिल्ड करून ठेवलेलं असतं, आणि हा भाग आमच्या प्रॅक्टिकलमध्ये नाहीच.

मागच्या वर्षी आमच्या एका पोरानं स्वतःच्या पैशानं छोटा रिस्क-फाइव्ह बोर्ड मागवला. ओपनजेडीके म्हणजे जावाच्या खुल्या संचाचा सोर्स उतरवला, आपल्या पीसीवरच क्रॉस कंपाइल केलं, म्हणजे बोर्डसाठीचं बिल्ड पीसीवर केलं, आणि जुन्या कुठल्यातरी सूचना बघून बिल्डआधीच्या कॉन्फिगर कमांडला जेव्हीएम व्हेरियंट, म्हणजे जेव्हीएमचा प्रकार, दिला झिरो. त्याला लागणारी लिबएफएफआय ही लायब्ररी सापडत नाही म्हणून दोन दिवस अडकला, शेवटी बिल्ड झालं, पण बोर्डवर प्रोग्राम इतका रखडायला लागला की पोरगा म्हणाला, "सर, बोर्डच फालतू निघाला." मी जावा व्हर्जनची कमांड द्यायला लावली तर समोर चक्क झिरो व्हीएम, इंटरप्रिटेड मोड. झिरो म्हणजे सी प्लस प्लसमधला नुसता इंटरप्रिटर, प्रोग्राम एकेक सूचना वाचत चालवणारा; चालता चालता प्रोसेसरच्या भाषेत बदलून वेग देणारा जेआयटी कंपायलर त्यात नाही, त्यामुळे तो जवळपास कुठल्याही प्रोसेसरवर उभा राहतो पण पळत नाही. रिस्क-फाइव्हसाठी सी-वन, सी-टू या जेआयटी कंपायलरसकट पोर्ट (त्या प्रोसेसरसाठी खास लिहिलेला भाग) २०२२ मध्ये जेडीके १९ या आवृत्तीत आलं, त्याच्या हातातल्या सूचना त्याआधीच्या. झिरो काढून सर्व्हर हा जेआयटीवाला व्हेरियंट टाकला, परत कॉन्फिगर, परत बिल्ड, आणि त्याच बोर्डवर तोच प्रोग्राम सुसाट. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

झिरोला नावं ठेवत नाहीये मी. जेडीके २५ मधून ३२ बिट एक्स८६ चं, म्हणजे जुन्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरचं, पोर्टच काढून टाकलं, म्हणजे असल्या जुन्या पीसीवर नवीन जावा हवा असेल तर आता झिरोशिवाय दुसरा रस्ता नाही. कुठल्या मशीनला कुठला व्हेरियंट लावायचा हे समजलं पाहिजे, एवढंच.

तंत्रशिक्षणवाल्यांना कळकळीची विनंती आहे की शेवटच्या वर्षाला याचं एक तरी प्रॅक्टिकल ठेवा. बोर्ड नसला तरी क्यूईएमयूवर, म्हणजे पीसीवरच दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भागतं, ते फुकट आहे. सी-डॅकचं मुख्यालय तर पुण्यातच आहे, त्यांनी वेगाचे चार बोर्ड कॉलेजांना फिरते दिले तर फारच छान होईल. लॅबमधल्या एका बऱ्या पीसीवर संध्याकाळी बिल्ड लावून जायचं आणि सकाळी पोरांसोबत लॉग वाचत बसायचं, आम्ही शिक्षक याला तयार आहोत.

आपला नियमित वाचक,
एक जावा शिक्षक, सांगली