एइहेइजीला जाणाऱ्या मित्रास

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या जपानच्या अभ्यासदौऱ्यात एइहेइजी या झेन बौद्ध मठातला मुक्कामही आहे हे वाचून फार बरं वाटलं. फक्त 'तिथून काहीतरी आध्यात्मिक अनुभव घेऊनच येणार' या तुझ्या वाक्याची थोडी धास्ती वाटली. अनुभव मिळवायचाच असं ठरवून बसलं की सगळं लक्ष 'आला का, आला का' इकडेच राहतं, आणि समोर चाललेलं दिसत नाही.

हा मठ १२४४ साली स्थापन करणारा जपानी भिक्षू दोगेनही परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थीच. १२२३ साली तो चीनला गेला, थोर गुरू शोधायला. बोट बंदरात असतानाच एक म्हातारा भिक्षू अळंबी विकत घ्यायला बोटीवर आला. सम्राट अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या मठाचा तो मुख्य स्वयंपाकी, वय ६१. दोगेनने त्याला थांबायचा आग्रह केला, पण उद्याचं जेवण पाहायचं होतं म्हणून तो थांबेना. या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून चुलीपाशी कशाला राबता, असं विचारल्यावर म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला की, परदेशी पाहुण्या, साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेलं नाही. पुढे १२३७ साली मठाच्या स्वयंपाक्यांसाठी सूचना लिहिताना दोगेनने हा प्रसंग त्यात घातला. सगळ्या दौऱ्यात हा म्हातारा डोळ्यांसमोर ठेव. शिकवणारा माणूस तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत असेलच असं नाही.

आता बसण्याचं. झाझेनची, म्हणजे बसून करायच्या ध्यानाची, एक बैठक साधारण ४० मिनिटांची असते. पायमोजे आणि घड्याळ बाहेरच काढून ठेव. गोल उशीच्या मधोमध बसू नकोस, पुढच्या निम्म्या भागावर बस. मधोमध बसलं की गुडघे अधांतरी राहतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पायांना लवकर मुंग्या येतात. दोन्ही गुडघे जमिनीवर आणि बूड उशीवर, असे तीन टेकू पक्के हवेत. पूर्ण पद्मासन जमत नसेल तर डावं पाऊल उजव्या मांडीवर, एवढंही चालतं. सोतो या तिथल्या झेन पंथात तोंड भिंतीकडे. डोळे मिटायचे नाहीत, नजर साधारण मीटरभर पुढे खाली सोडायची. उजव्या तळहातावर डावा तळहात, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. हे अंगठे तुझी चुगली करतात! डुलकी लागली की ते खाली घसरतात, जोर लावून 'ध्यान' करू लागलास की वर टोक काढतात. मन शांत आहे का, हे स्वतःला विचारत बसण्यापेक्षा अंगठे कुठे आहेत ते पाहा. बैठक संपल्यावर पाय बधिर असतील तर झटकन उठू नकोस, घोटा मुरगळतो. आधी शरीर डावी-उजवीकडे हळूहळू डोलवायचं, मग पाय सोडवायचे.

माझ्या मते खरी परीक्षा जेवणाची. सकाळी भाताची पेज, तीळ-मीठ आणि मुरवलेला मुळा. बोलायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी उचलायचं, आवाज न करता ठेवायचं. जेवणापूर्वी पाच गोष्टींचं चिंतन म्हणतात. त्यातली पहिली म्हणजे हे अन्न इथवर आणायला किती जणांचे कष्ट लागले. चूक होते ती वाढून घेताना. नवखा माणूस भरपूर घेतो, ते टाकता येत नाही, आणि त्याचं संपेपर्यंत अख्खी पंगत गप्प बसून राहते. म्हणून आधी थोडंच घे. मुळ्याची एक फोड शेवटपर्यंत राखून ठेव. वाडग्यात गरम पाणी किंवा चहा आला की त्या फोडीने आतून पुसून घ्यायचं, फोड खायची, पाणी प्यायचं. सहाध्यायांना हे किळसवाणं वाटेल, काहीजण हसतीलही. तू मुकाट्याने कर.

मठातलं जेवण मांस-मासळीविना असतं, कांदा-लसूणही नसतो. बाहेर पडल्यावर मात्र जप. भाजीच्या साध्या रश्शातही बहुतेकदा सुकवलेल्या मासळीचा अर्क असतो.

ध्यानाची जागा, न्हाणीघर आणि शौचालय या तिन्ही ठिकाणी मौन पाळतात. शौचालयाचा या यादीत समावेश आहे, हे मला ध्यानावरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं.

अहवाल लिहायचा असेलच. वहीच्या डाव्या पानावर फक्त पाहिलेलं लिही: कोणता हात, कोणता क्रम, कोण आधी वाकलं. 'याचा अर्थ काय' ते उजवं पान आठवडाभर कोरंच ठेव. पहिल्या रात्री लिहिलेले अर्थ बहुधा आपण घरून आणलेले असतात. 'आपल्याकडेही असंच आहे' हे वाक्य तर तिथे असेपर्यंत लिहूच नकोस.

आणि मांडी घालून बसायचा सराव आजपासून कर. रोज दहा मिनिटांनी सुरुवात केलीस तरी पुरे. बाकी प्रश्न असतील ते निघण्याआधी कळव.

तुझा,
निखिल