ती व्हिनाइल नव्हे, लाख आहे

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला रेकॉर्डींच्या निगेवरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. पण नाही. 'आजोबांच्या काळातल्या नाट्यगीतांच्या व्हिनाइल्स कापसाला स्पिरिट लावून पुसाव्यात', असंच छापलेलं आहे.

पत्राला जागा नसेल तर एवढं एकच वाक्य छापा: ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या) रेकॉर्डला स्पिरिट लावू नका. बाकीचं टोपलीत टाकलंत तरी तक्रार नाही.

गेले तीन रविवार आपल्या पत्रस्तंभात शब्दांवरून हमरीतुमरी चालू आहे. 'तबकडी' म्हणावं तर ती उडतीही असते आणि सीडीलाही तोच शब्द लागतो. 'ध्वनिमुद्रिका' म्हणावं तर मुद्रिका म्हणजे अंगठी. 'फोनो' म्हणणाऱ्या जुन्या मंडळींना कुणीतरी शाळामास्तरासारखं सुनावलं, की फोनोग्राफ हे एडिसनचं १८७७ चं यंत्र, त्यावर नळकांडं फिरायचं. चपटी रेकॉर्ड आली ती बर्लिनरच्या ग्रामोफोनवर. खरं आहे. पण अमेरिकेत चपट्या रेकॉर्डच्या यंत्रालाही फोनोग्राफच म्हणत राहिले, आणि अँप्लिफायरच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेयरची वायर खोचायच्या जागेवर आजही 'फोनो' असंच लिहिलेलं असतं. या शब्दाने कुणाचं काही बिघडत नाही.

'व्हिनाइल्स' या अनेकवचनाचंही तेच. इंग्रजीतल्या जुन्या संग्राहकांना ते खटकतं. त्यांच्या मते व्हिनाइल हा पदार्थ, एक प्रकारचं प्लास्टिक, त्याची मोजणी कशी करणार? आपल्याकडच्या एका पत्रलेखकांनी हाच मुद्दा पितळेचं उदाहरण देऊन मांडला: दोन भांडी म्हणतो, दोन पितळा म्हणत नाही. बरोबर. पण खिडकीच्या दोन काचा फुटल्या असं म्हणतोच ना? काचही पदार्थच. तेव्हा व्याकरणाच्या जोरावर हा खटला जिंकता येणार नाही. मराठीत 'रेकॉर्ड' हा शब्द केव्हाचा घरचा झाला आहे, 'गोष्ट-गोष्टी'सारखं 'रेकॉर्ड-रेकॉर्डी' होतं, मग व्हिनाइलचं शेपूट कशाला, एवढंच माझं म्हणणं.

मात्र सगळ्याच रेकॉर्डींना 'व्हिनाइल' म्हणणं हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. तिथे रेकॉर्ड मरते.

एलपी, म्हणजे हळू फिरणारी, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली १९४८ साली, अमेरिकेत. ४५ ची छोटी रेकॉर्ड त्याच्या पुढच्या वर्षी. या दोन्ही व्हिनाइलच्या. आजोबांची ७८ ची रेकॉर्ड शेलॅकची. शेलॅक म्हणजे लाख, आपला चपडा. त्यात लाखेपेक्षा दगडाची भुकटीच जास्त असते, रंगाला काजळी. आता फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, चपडा कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. रात्री बाटलीत घालून ठेवतात, सकाळी पॉलिश तयार. आपल्या लेखकाने वाचकांना तेच पॉलिश रेकॉर्डवर करायला सांगितलं आहे. 'लाखेची रेकॉर्ड' असं मराठीत लिहिलं असतं, तर छपाईला जाण्याआधी कुणीतरी हटकलं असतं.

होतं काय, तेही सांगतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की तो काळा होतो. माणसाला वाटतं, केवढी ही धूळ! म्हणून तो आणखी जोराने घासतो. ती धूळ नसते, रेकॉर्डच बोळ्यावर येत असते. चकाकी जाऊन करडी झाक येते, खाचांच्या कडा मऊ पडतात, आणि मग सुईखाली गाण्याऐवजी सलग खरखर. यावर इलाज नाही. आयसोप्रोपाइल (तेही एक अल्कोहोलच), अंगाला लावायचं कोलन, काच पुसायचे निळे फवारे, ज्यात अल्कोहोल आहे ते सगळं याच यादीत.

७८ ची रेकॉर्ड धुवायची तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. लिटरभर पाण्यात सौम्य, अल्कोहोल नसलेल्या साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवावं. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपावं आणि सावलीत उभी करून वाळवावी. भिजत घालू नये. तडा गेलेल्या किंवा थरांच्या रेकॉर्डमध्ये (काही कंपन्या आत जाडाभरडा गाभा आणि वर कागदावर चढवलेला बारीक थर अशी रचना करत) पाणी शिरलं की ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. एलपीला मात्र एक भाग आयसोप्रोपाइल आणि तीन-चार भाग पाणी चालतं. म्हणजे लेखातला सल्ला अर्ध्या रेकॉर्डींपुरता बरा होता. कुठल्या अर्ध्या, ते सांगणारा शब्दच गाळला.

सुईचंही शब्दाशीच नातं. ७८ ची खाच रुंद. तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. ती ७८ वर टेकवली तर खाचेच्या तळाशी, कचऱ्यात लोळते आणि स्वतः झिजते. उलट केलं तर जाड सुई एलपीच्या खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा खरवडते. 'व्हिनाइलसाठी चांगली सुई घ्यावी' हे लेखातलं वाक्य वाचून दुकानात गेलेला माणूस काय घेऊन येईल, ते ओळखायला ज्योतिषी नको.

अपवाद आहेत, नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क ७८ च्याच वेगाच्या होत्या, पण व्हिनाइलाइटच्या, म्हणजे व्हिनाइलच्याच एका प्रकारच्या. म्हणून नुसत्या वेगावर विसंबू नये. नखाने कडेला हलकी टिचकी मारावी: लाख टणटणीत वाजते, व्हिनाइल बोदं. वाकवून बघू नये. लाख वाकत नाही, फुटते.

विकत घेण्याबद्दलच्या चौकटीत 'व्हीजी दर्जा म्हणजे अतिशय चांगली रेकॉर्ड' असं ('व्हेरी गुड'चं) भाषांतर आहे. शब्दकोशात बरोबर, बाजारात चूक. संग्राहकांच्या उतरंडीत मिंट, नियर मिंट, व्हीजी प्लस, मग व्हीजी, मग गुड. व्हीजी म्हणजे खरखर ऐकू येणारच, गाण्यावर चढत नाही इतकंच. आणि नुसती 'गुड' म्हणजे सुई न उडता शेवटापर्यंत पोचते, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. 'चांगली' म्हणून पैसे मोजणाऱ्याने घरी येऊन कोणाला शिव्या द्यायच्या?

आणि तो फोटो! चकचकीत पितळी कर्ण्याचा चावीचा ग्रामोफोन, आणि त्यावर १२ इंची एलपी. त्या यंत्राच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई बसवलेल्या डोक्याचं, वजन सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त पडतं. एलपीला लागतात दीड-दोन ग्रॅम. फोटोपुरती जरी सुई टेकवली असेल तरी त्या एलपीची पहिली काही वळणं गेली म्हणून समजा. पोलादी सुई एका बाजूला एकच, मग टाकून द्यायची, कारण लाखेतली दगडाची भुकटीच तिला घासून खाचेच्या मापाची करते. दुसऱ्या बाजूपर्यंत ती बोथट झालेली असते. हे फोटोखाली लिहिलं असतं तर फोटोचा काही उपयोग झाला असता. तिथे आपण 'सुरेल आठवणी' असं लिहिलंत.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्याच पानावर, डोळ्यांना दिसेल अशी. शब्दकोड्याच्या उत्तराखाली नको. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते, म्हणून गणपतीच्या आधी लोक रेकॉर्डी बाहेर काढून पुसायला बसतात. दुरुस्ती त्याआधी यावी.

आपला अजून तरी नियमित वाचक,
ठाणे

ता. क. – गेल्या महिन्यातल्या माझ्या पत्रात 'रेकॉर्ड मोडली तर गोंद लावू नये' असं लिहिलं होतं. आपल्याकडे कुणीतरी ते सुधारून 'रेकॉर्ड मोडला तर गोंद लावू नये' असं छापलं. विक्रम मोडल्यावर गोंद शोधायची वेळ अजून कुठल्याही खेळाडूवर आलेली नाही.