जुलैचा आकडा, जानेवारीचा हजेरीपट

शहादा

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

जळगावच्या कॉलेजात प्रवेश समिती आणि शिष्यवृत्ती अशी दोन्ही कामं तुझ्या गळ्यात पडली, बरं झालं. ती एकाच माणसाकडे असलेली बरी. सातपुड्यातली आदिवासी पोरं वाढवा म्हणून वरून सांगणं आहे ना? जुलैत वाढतील. जानेवारीच्या हजेरीपटावर त्यातली किती उरली, ते बघत जा. 7 टक्के राखीव जागा भरल्या म्हणजे झालं, असं धरून बसलं की निम्मं काम बाकीच राहतं.

बारावीचा निकाल लागल्यावर आश्रमशाळेत जाऊन उपयोग नाही, डिसेंबरातच जा. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या शाळांत माहितीपत्रकं वाटण्यापेक्षा प्रत्येकाचे कागद उघडून बघ. पोराच्या दाखल्यावर जमात पावरा, बापाच्या दाखल्यावर बारेला. आधारवर जन्मतारीख वेगळी, आणि शाळेत गुरुजींनी टाकलेली 1 जून. असे कागद जात पडताळणी समितीकडे अडतात. नात्यात कुणाकडे, बापाकडे किंवा चुलत्याकडे, जात वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आधी शोधायला लाव, काम पुष्कळ हलकं होतं. नसेल तर आजोबांची 1950 च्या आधीची शाळेतली किंवा महसुली नोंद लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जाणाऱ्याला वैधता लागतेच. जूनमध्ये धावाधाव करून ती मिळत नाही.

आता महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख, त्यात आपली बहुतेक पोरं बसतात. अडतं ते भलतीकडेच. आधारला बापाचा मोबाइल जोडलेला, आणि दिवाळीनंतर बाप ऊसतोडीला बारडोलीकडे. पोरगं सायबर कॅफेत फॉर्म उघडून बसतं, ओटीपी जातो गुजरातेत उसाच्या फडात, तिथे रेंज नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच पोराचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घे. खात्याचंही तसंच. एकेकाची दोन-तीन खाती असतात, आणि पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, मग फॉर्मवर काहीही लिहा. ते खातं व्यवहाराअभावी बंद पडलेलं असलं तर पैसे आले कुठे, हे पोराला कळतच नाही. पुढे अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडून प्राचार्यांकडे आणि तिथून आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे सरकतो. त्रुटी काढून परत आलेला अर्ज पोराच्या लॉगिनला नुसता पडून असतो. दर शुक्रवारी यादी उघड आणि परत आलेली नावं त्या त्या वर्गात जाऊन सांग, फलकावर लावू नकोस. आडनाव आणि नाव दोन्ही सारखं असलेले दोघे-तिघे एका वर्गात हमखास निघतात, तेव्हा आईचं नाव आणि गाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नको.

पात्र पोराकडून खिडकीवर आगाऊ फी मागायची नाही. ‘पाचशे भर, मग परत मिळतील’ एवढ्या एका वाक्यावर पोरं शहाद्याची बस धरतात.

सगळ्यात वाईट काळ कॉलेज सुरू होण्यापासून सरकारी वसतिगृहाची यादी लागेपर्यंतचा. तास सुरू झालेले असतात, खोलीला पैसे नसतात. नंबर न लागलेल्यांसाठी 2016 पासून राहण्या-जेवणाच्या खर्चाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, पण ती रक्कम हप्त्याने येते, त्या आठवड्यांत हाताशी नसते. तेवढ्या दिवसांची राहण्या-जेवणाची सोय आधी ठरव: मागच्या वर्षीच्या पोरांच्या खोल्या, एखादी उधारीवरची मेस. हे न करता ‘आदिवासी पोरं टिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

दुसरं, नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत शंभरात 69 आदिवासी. धडगावात सगळे आपलेच, आणि जळगावच्या वर्गात एकदम तीन-चार. घरी पावरी बोली, शाळेत मराठी, आता रसायनशास्त्र इंग्रजीत. पोरगं गप्प बसतं, त्याला मठ्ठ समजू नका. पहिले तीन आठवडे इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द फळ्यावर लिहा. प्रॅक्टिकलला त्यांची वेगळी तुकडी पाडू नका, जोडीदार दुसऱ्या भागातला द्या. ‘तुम्ही लोक’ हे शब्द स्टाफरूममध्येही नकोत.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्याकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात, मग काठी गावची होळी. त्या दिवसांत अंतर्गत परीक्षा ठेवली की निम्मे गैरहजर, आणि गुण गेले ते गेलेच. वेळापत्रक करताना हे तूच सांग, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

पहिल्या सत्राचा निकाल लागला की आठवड्याच्या आत फोन कर. एक विषय राहिला की पोराला वाटतं वर्षच गेलं. एटीकेटी म्हणजे पुढच्या सत्रात बसता येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. घरीही कुणाला माहीत नसतं, मग ते बापाबरोबर तोडीला निघून जातं. परीक्षा फॉर्मची तारीखही अशीच निसटते. सलग पाच दिवस गैरहजर दिसला की चौकशी कर, पंधरा दिवसांनी फोन केला तर तो गुजरातेत असतो. त्यासाठी प्रवेशाच्या वेळीच गावातल्या, तोडीला न जाणाऱ्या माणसाचा नंबर घे. अंगणवाडीताई, दुकानदार, कुणीही चालेल.

तब्येतीला जप. फोन कर.

तुझी आई

ता. क. – यावल-रावेरच्या तडवी पोरांची नावं मुस्लिम असतात. नाव बघून तुमचा क्लार्क त्यांना अल्पसंख्याकांच्या फॉर्मकडे पाठवेल. ते तडवी भिल्ल, अनुसूचित जमातीतच येतात. त्यांचं प्रकल्प कार्यालय यावलला आहे.