कॅप्टन साहेब, माझ्या पोरीची भीती तुम्ही घालवलीत

आदरणीय कॅप्टन साहेब,
सप्रेम नमस्कार.

साकोली तालुक्यातल्या धानवाल्या गावातून एखादी पोरगी विमान शिकायला गेली, हीच मोठी बातमी. त्यामुळे उतरताना तिचं विमान आपटलं, पुढचं चाक मोडलं, पंखा धावपट्टीला घासला, हे गावभर व्हायला वेळ लागला नाही. तिला साधं खरचटलंही नव्हतं, पण घरी आली ती गप्पच. "कशाला पाठवलं?" जो तो मलाच विचारायचा.

तुम्ही ना तिच्या संस्थेतले, ना आमच्या नात्यातले. तरी गोंदियाहून आलात, अंगणात बाजेवर बसलात आणि पहिलाच प्रश्न केलात, "किती वेळा उसळलं?" ती म्हणाली, तीनदा. मग बाजेची कड म्हणजे धावपट्टी, असं धरून तुम्ही तळहातानं दाखवलंत. वेग जास्त राहिला की टेकलेलं विमान पुन्हा उचललं जातं. अशा वेळी घाबरून नाक खाली दाबलं, की मागच्या दोन दणकट चाकांऐवजी पुढचं नाजूक चाक आधी आपटतं आणि पुढची उसळी आणखी मोठी होते.

"बैल उधळला तर कासरा झटक्यानं ओढता का?" हे मला विचारलंत. तिला म्हणालात, उसळी छोटी असेल तर नाक आहे तसंच धरायचं; मोठी असेल तर पूर्ण पॉवर आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं आणि फेरी मारून परत उतरायला यायचं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मात्र टप्प्याटप्प्यानं वर, नाहीतर विमान खाली बसतं. नजर नाकासमोर नको, धावपट्टीच्या पार टोकाला. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा विरळ होते, काट्यावर तोच वेग दिसला तरी जमिनीवरचा वेग जास्त असतो, हेही सांगितलंत. तेव्हा कुठे पोरीनं उठून वही आणली.

"होतं असं" म्हणणारे पुष्कळ आले होते. का होतं, ते सांगणारे तुम्ही एकटेच.

ती परत गेली, आता एकटी उडते. गो-अराउंड केलं की फोनवर आधी तेच सांगते, आणि तिच्या आईला ते ऐकून बरं वाटतं.

साहेब, आपल्या भागातली आणखी पोरं या वाटेला लागताहेत. त्यांच्या आईबापांनाही एकदा असंच समजावून सांगा. बसायची सोय आमच्या अंगणात करतो. कापणी उरकली की या, नवा तांदूळ तुमच्यासाठी काढून ठेवतो.

आपला ऋणी,
एका शिकाऊ वैमानिक पोरीचा बाप