साईट बंद करा, पण कोणी आणि का केली ते सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

पायरसीवर अजून कडक कायदा आणा अशी पत्रं तुमच्या पानावर अधूनमधून येतात, त्यातलं निम्मं मला पटतं. पिक्चर शुक्रवारी लागतो आणि रात्रीपर्यंत टेलिग्रामवर फिरायला लागतो, त्यात मराठी निर्मात्याचं तर पार वाटोळं, आधीच त्याला शो मिळतो तो भर दुपारचा नाहीतर सकाळचा आणि तेवढ्यावर बिचाऱ्याची सगळी मदार. त्यामुळे मी चोराची बाजू घेतोय असं कुणी समजू नये. माझं भांडण एवढंच आहे की चोर पकडायच्या नावाखाली साईट बंद करायचं जे बटण आपण देऊन बसलोय ते कोण दाबतंय, कुणावर दाबतंय, याचा पब्लिकला पत्ताच लागत नाही.

काय होतं बघा. पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच निर्मात्याचे वकील हायकोर्टात जाऊन 'अशोक कुमार' विरुद्ध ऑर्डर आणतात. हा अशोक कुमार म्हणजे पुढे जो कोण चोरी करेल तो (अमेरिकेत त्याला जॉन डो म्हणतात, आपण निदान नाव तरी स्वदेशी ठेवलं). सोबत साईट्सची भलीमोठी यादी असते आणि इंटरनेट कंपन्या डोकं न लावता ती बंद करून मोकळ्या होतात. 2012 मध्ये मद्रास हायकोर्टाच्या अशाच ऑर्डरनंतर व्हिमिओ बंद पडलं, जिथे पोरं स्वतः बनवलेल्या शॉर्टफिल्म टाकतात, मग कोर्टालाच खुलासा करावा लागला की बाबांनो ठराविक लिंक बंद करा, अख्खी साईट नाही. धडा घेतला म्हणता? 2017 च्या ऑगस्टमध्ये त्याच हायकोर्टाच्या ऑर्डरवरून अडीच हजारांच्या वर पत्ते बंद झाले आणि त्यात चक्क इंटरनेट अर्काइव्ह! तिथे जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, कॉपीराइट कधीच संपलेली, दुकानात शोधूनही मिळणार नाहीत अशी. ते तेव्हा उघडायला गेलं की स्क्रीनवर एक ओळ यायची, दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार हा पत्ता बंद आहे. बास. कुठला खटला, कोणी तक्रार केली, दाद कुठे मागायची, काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि चोरी होते कुठून ते पण बघा जरा. 2016 मध्ये 'उडता पंजाब'ला सेन्सॉर बोर्डाने ढीगभर कट सांगितले, निर्माते मुंबई हायकोर्टात गेले, कोर्टाने एका कटवर पिक्चर सोडला आणि रिलीजच्या दोन दिवस आधी तो नेटवर लीक झाला, कोपऱ्यात 'फॉर सेन्सॉर' असं लिहिलेलं! म्हणजे सेन्सॉरसाठी बनवलेली कॉपीच बाहेर फुटली आणि बंद्या मात्र आपल्या वायफायवर.

त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मात्र नीट काम केलं. प्रत्येक लिंक तपासून द्या, सरसकट साईट बंद करणार नाही, आणि बंद केलेल्या पानावर केसची माहिती आणि तक्रार कुठे करायची ते लिहा असं त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या पानावर 3 वर्षं कैद आणि 3 लाख दंड अशी धमकी यायची, नुसतं बघितलं तरी गुन्हा, त्यावरही त्यांनी स्पष्ट केलं की गुन्हा बघण्यात नाही, बेकायदा वाटप करण्यात, जाहीर दाखवण्यात आहे. व्हॉट्सअपवर मात्र ती 3 वर्षांची धमकीच फिरली, कोर्टाचा खुलासा किती जणांनी फॉरवर्ड केला देव जाणे.

आता 2023 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तर कोर्टात जायचीही गरज उरली नाही. माहिती प्रसारण खात्याने नोडल अधिकारी नेमलेत, त्यांच्याकडे अर्ज करायचा आणि 48 तासांत कारवाई. पिक्चरवाल्यांसाठी चांगलंच आहे हो, वीस हजार कोटींचं नुकसान होतं असं सरकारच सांगतं. पण चुकून तुमचीच साईट गेली तर ती किती तासांत परत येणार?

यात पक्षाचा काही संबंध नाही, उगाच इकडचे तिकडचे कार्यकर्ते खूश होऊ नका. काँग्रेसच्या काळात आयटी कायद्याचं कलम 66ए होतं, नेटवर कुणाला आक्षेपार्ह वाटेल असं लिहिलं की गुन्हा, बाळासाहेब गेल्यावर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली ती त्याच कलमाखाली, सुप्रीम कोर्टाने ते 2015 मध्ये उडवलं. भाजपच्या काळात सरकारबद्दलची नेटवरची माहिती खोटी आहे का ते सरकारनेच ठरवायचं असं फॅक्ट चेक युनिट आणलं, ते 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने उडवलं. सरकारला साईट बंद करायचा अधिकार देणारं त्याच कायद्याचं कलम 69ए मात्र दोघांनाही प्रिय, आणि त्याच्या 2009 च्या नियमांत लिहूनच ठेवलंय की तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची. देशाच्या सुरक्षेचं काही असेल तर एकवेळ समजू शकतो. पिक्चरच्या चोरीत कसलं आलंय गुपित? पण लोकांना एकदा 'ब्लॉक्ड' बघायची सवय लागली की पायरसी म्हणून बंद झालं का कुणाला झोंबलं म्हणून, हे कोणी विचारत पण नाही.

आपल्या राज्यातून 48 खासदार लोकसभेत जातात. त्यातल्या एकाने तरी पुढच्या अधिवेशनात लेखी प्रश्न टाकावा, की गेल्या वर्षी पायरसीच्या नावाखाली किती पत्ते बंद केले, त्यातले किती चुकीचे निघाले, परत चालू किती केले, आणि ती यादी लोकांना बघायला कुठे ठेवलीय.

आपला,
एक नेहमीचा वाचक, नाशिक