दत्तास पत्र : तुझ्या बायोडाट्याबद्दल

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

तुझा बायोडाटा काल शिफ्ट सुटल्यावर वाचला. आज परत वाचला. राग मानू नकोस, पण तुला मी बारा वर्षं ओळखतो आणि त्या कागदात तू मला कुठेच सापडला नाहीस. वर श्री गणेशाय नमः, मग वडिलांचं नाव, जात, उंची, अविवाहित. ही मांडणी स्थळं बघताना लागते. आमच्या हॉटेलच्या मॅनेजरला यातलं काहीच नको असतं. खाली 'मेहनती, प्रामाणिक, आव्हाने स्वीकारणारा'. हे तर प्रत्येक कागदावर असतं. आणि कामाबद्दल एकच ओळ : 'हॉटेल लाइनचा 6 वर्षांचा अनुभव.'

अरे, सहा वर्षं राबलास आणि एका ओळीत संपवलंस?

मी कॅप्टन, म्हणजे वाढप्यांवरचा मुकादम, झाल्यापासून हे कागद माझ्या हातून पुढे जातात. स्टुअर्डच्या, म्हणजे वाढप्याच्या, एका जागेला चाळीस-पन्नास तरी येतात. दुपारी साडेतीननंतर किचन थंड झालं की मॅनेजर चहा पितापिता ते चाळतो. त्याला एवढंच बघायचं असतं, की शनिवारी रात्री दारात रांग लागल्यावर हा पोरगा टेबलं सांभाळेल का. म्हणून आधी तेच लिही. मामांच्या खानावळीत रविवारी दुपारी बारा टेबलं तू आणि एक पोरगा मिळून काढता. चौघांच्या टेबलावर दोन मटण ताटं, एक अंडाकरी, आणि चौथा शाकाहारी, त्याच्या ताटाला मटणाचा डाव लागलेला चालत नाही. हे सगळं वहीशिवाय तुझ्या डोक्यात असतं. पांढरा रस्सा संपत आलेला तुला लांबून दिसतो. मग लिही : 'रविवारी 12 टेबले दोघांत, दुपारी साधारण 150 ताटे, ऑर्डर, वाढणे, बिल, रोख आणि यूपीआय.' ताटांचा आकडा मी अंदाजानं टाकलाय. मामांना विचारून खरा घाल.

लग्नातलं वाढप तू लिहिलंच नाहीस. लाज वाटली असेल तर मला त्याचं फार वाईट वाटतं. आपण कॉलेजात असताना मांडवात पंगती उठवल्या, ते मोठ्या हॉटेलात बँक्वेटचं काम म्हणतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, हे तुला झोपेतही चुकणार नाही. इथे सिल्व्हर सर्व्हिसमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यातून चमच्या-काट्यानं ताटात वाढताना, जेवण गिऱ्हाइकाच्या डाव्या बाजूनं वाढतात आणि पाणी उजवीकडून ओततात. ते तू आठवड्यात शिकशील, कारण ठरलेल्या पद्धतीनं वाढायचं वळण हाताला आहेच. 'एका पंगतीला किती पानं, बरोबर किती वाढपी' एवढं नक्की टाक.

जे येत नाही ते मात्र लिहू नकोस. मी पहिल्यांदा पुण्यात आलो तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून 'वाइन सर्व्हिस येते' असं लिहिलं होतं. मुलाखतीतच बाटली आणि स्क्रू हातात दिला. बूच अर्धं तुटून आत पडलं. त्यांनी मला ओरडलं नाही, नुसतं पाणी दिलं आणि जायला सांगितलं. ती दुपार मी अजून विसरलो नाही. म्हणून तुझं ते 'फ्लुएंट इंग्लिश' काढ. मराठी, हिंदी उत्तम, इंग्रजी कामापुरतं, असं लिही. मुलाखतीत दोन वाक्यांत कळतंच. इथे ते शिकवतात.

एक काम मात्र आधी कर. एफएसएसएआय या सरकारी संस्थेचं फॉस्टॅक प्रशिक्षण असतं, अन्नसुरक्षेचं. परवान्याच्या नियमाप्रमाणे दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस ठेवावा लागतो, त्यामुळे तो दाखला असलेला कागद मॅनेजर बाजूला काढून ठेवतो. हे मी डोळ्यानं पाहिलंय. आणि ब्रेक शिफ्ट (मधे काही तास सुट्टी, मग परत काम) चालेल, सणावारी येईन, हे खरं असेल तर लिहून टाक. दिवाळीत गावी जायचंच असेल तर मुलाखतीत आधीच सांग.

बाकी फार काही नाही. एकच पान, सगळ्यात वर नाव आणि चालू असलेला फोन नंबर, शेवटचं काम आधी. तो शेवटचा 'वरील माहिती सत्य आहे' वाला परिच्छेद काढलास तर जागा होईल. आधी मराठीत लिहून काढ, जसं मला सांगशील तसं; इंग्रजी आपण दोघं फोनवर करू. गुरुवारी माझी सुट्टी आहे, त्याआधी पाठव.

कागद पसंत पडला तर एक दिवस ट्रायलला बोलावतील. काळे बूट लागतात. माझ्याकडे जुना जोड आहे, तुला होईल, विकत घेऊ नकोस. राहायला माझ्या खोलीवरच ये.

मामांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुन्या