करिबाचे टोंगा

महोदय,

झांबेझी नदीचा विषय निघाला की व्हिक्टोरिया धबधब्यावरच लिहिले जाते. मी झांबियात वीज अभियंता होतो. तिथे या नदीची खरी ओळख करिबा धरण. झिम्बाब्वेच्या सीमेवरची ही १२८ मीटर उंच भिंत १९५९मध्ये पुरी झाली. दोन्ही काठांवर दोन देशांची वीजगृहे, जलाशय मात्र एकच. २०२४च्या दुष्काळात तो खालावला आणि झांबियाची राजधानी लुसाका तासन् तास अंधारात राहिली. टांगानिका सरोवरातून आणून सोडलेल्या कापेंटा मासळीवर काठचे मच्छीमार जगतात. पण धरणासाठी उठवलेल्या, नदीकाठच्या टोंगा जमातीच्या सुमारे ५७,००० लोकांच्या कितीतरी वस्त्यांत वर्षानुवर्षे वीज पोहोचली नाही. मी कोयनेच्या धरणग्रस्त घरातला, त्यामुळे हे फार लागते. झांबेझीवर लिहाल तेव्हा टोंगांना वगळू नका.

– एक निवृत्त अभियंता, कराड